काळ्या बंड्यांतला हिंदुस्थान

हिंदुस्थानचा फुटबॉल संघ मुळशीत निघाला आणि मी त्यात होतो. यातला पहिला भाग कुणी मानत नाही, आणि दुसरा भाग मलाही फार ताणता येत नाही. पण खोटं नाही ते.

धरणाचं बांधकाम चालू होतं त्या वर्षांतली गोष्ट. मी कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. घमेली, पहारी, दोर, गोणपाट, मांजरपाटाचे तागे असा मोठा संसार माझ्या ताब्यात होता. माझा स्वतःचा म्हणाल तर एक ट्रंक आणि एक तांब्या. पावसाळा लागला की काम बंद पडायचं. मजूर आपापल्या गावी निघून जायचे, मराठी कारकून रजा टाकून पुण्याला. कॅम्पात उरायचे ते ज्यांचं घर रेल्वेने दोनतीन दिवस लांब आहे असे लोक, आणि मी, ज्याचं घर माले, पौड, बावधन ओलांडलं की पुण्यात होतं. मुळशीचा पाऊस पत्र्यावर असा वाजायचा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. शेजारी माणूसच नसेल तर तोही त्रास नाही. मी गप्प बसून पाऊस ऐकायचो.

घरी का जात नव्हतो, ते सांगतो. घरात आम्ही दोघेच. आई कधीच गेलेली. वडील, मी त्यांना अण्णा म्हणायचो, गणिताचे मास्तर, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. मी इंटरला दोनदा आपटलो, आणि दुसऱ्या खेपेला नेमका गणितात. त्या दिवसापासून अण्णा माझ्याशी बोलायचे बंद झाले. आता मोठ्या कुटुंबात हे चालून जातं, मधे एखादी आत्या असते, निरोप पोचवते. आमच्याकडे तिसरं माणूस नव्हतं. म्हणून अण्णा न्हाणीघराच्या दाराशी ठेवलेल्या तांब्याच्या घंगाळाशी बोलत. "त्याला म्हणावं, पानं घेतली आहेत." घंगाळ काही हलत नसे. मी उठून जेवायला बसे. पुढे पुढे मलाही ते जमू लागलं. "त्यांना म्हणावं, आमटी अळणी झाली आहे." हसू नका. दोन शहाणी माणसं अशी वर्षभर राहू शकतात. नोकरी लागून मुळशीला निघालो तेव्हा मी निरोपसुद्धा घंगाळाचाच घेतला.

तर संघ. आमच्या कॅम्पात एक बंगाली ओव्हरसियर होता, त्याला सगळे बाबू म्हणत. पाऊस आणि चिखल दिसला की इतर माणसं छत्री शोधतात, हा चेंडू शोधायचा. साहेब लोकांनी आपसांत इंग्लंड आणि स्कॉटलंड असे दोन संघ काढले होते. इंजिनियरांत स्कॉच बरेच होते आणि त्यांना इंग्लिश साहेबाबरोबर एका बाजूने खेळणं पसंत नव्हतं. माणसं कमी पडली तर पुण्याहून पलटणीतले गोरे बोलवायचे. दर पावसाळ्यात सामने, आणि जिंकणाऱ्याला एक चांदीचा पेला, जो मुळात कुठल्याशा साहेबाच्या कुत्र्याला मिळालेला होता. बाबूने जाऊन सांगितलं, आमचा हिंदुस्थान खेळणार. साहेब हसले आणि हो म्हणाले.

संघ जमवणं सोपं होतं. गोलकीपर आमचा पठाण पहारेकरी. पुढे खेळायला एक गोवेकर फिटर. मद्रासी टायपिस्ट, पंजाबी क्रेनवाला, एक गुजराथी कंपाउंडर, असे करत करत अकरा झाले. घरापासून लांब पडलेले, एवढीच काय ती सगळ्यांची लायकी. मी बारावा. बाबूने मला एकदा चेंडू मारायला लावला. चेंडू तिथेच राहिला आणि माझी चप्पल गोलात गेली. तो थोडा वेळ चपलेकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "तुम कपडा देखेगा." अशा रीतीने हिंदुस्थानच्या पोशाखाचा कारभार माझ्याकडे आला.

पहिल्या वर्षी मी स्टोअरमधलं मांजरपाट साहेबाकडून मागून घेतलं आणि गेरूत बुडवलं. रंग छान भगवा आला. सराव म्हणून बाबू संघाला पळवत मालेपर्यंत घेऊन गेला, तर गावातल्या बायकांना वाटलं गोसाव्यांचा जथा आला आहे. एकीने पठाणाच्या हातावर सूपभर नाचणी ओतली आणि नमस्कार केला. पठाणाने तो मुकाट्याने स्वीकारला. संध्याकाळी त्याच नाचणीच्या भाकऱ्या आम्ही खाल्ल्या. सामन्याच्या दिवशी पाऊस पडला आणि गेरू वाहू लागला. अर्ध्या तासात आमचे पांढरे झाले, आणि आमच्याशी धक्काबुक्की करून स्कॉटलंड भगवं झालं. दुसऱ्या अर्ध्यात आमच्या गोवेकराने तीन वेळा सुरेख पास दिले, तिन्ही स्कॉटलंडला. हरलो.

त्या दिवाळीला मी घरी गेलो होतो. अण्णा आतल्या खोलीत होते. मी घंगाळापुढे उभा राहून जरा मोठ्याने म्हणालो, "त्यांना म्हणावं, मी हिंदुस्थानच्या संघात आहे." गणितात नापास झालेल्या मुलाने आणखी सांगावं तरी काय? मी दुसऱ्या दिवशी परत मुळशीला आलो.

दुसऱ्या वर्षी मात्र मी रंग न जाणारं कापड शोधायचं ठरवलं. डोक्यात कल्पना आली ती अशी, की धनगर दिवसभर पावसात उभा असतो आणि घोंगड्यामुळे भिजत नाही. तेव्हा बंड्या घोंगड्याच्या. काळ्या. मेंढरं घेऊन पावसाआधी देशावर उतरायच्या तयारीत असलेल्या एका म्हाताऱ्या धनगराला मी गाठलं. त्याने कोरी घोंगडी पुढे टाकली आणि विचारलं, "येवढी कशापायी? लगीन हाय का काय?"

"बंड्या शिवायच्यात, बाबा."

"म्हंजी कापनार?"

"हो."

म्हाताऱ्याने घोंगडी परत आपल्याकडे ओढली. "आरं, द्येव बसवत्यात त्येच्यावर. घोंगड्याला कातर लावाची नसती."

मी त्याला फुटबॉल समजावून सांगितला. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हंजी त्यो च्येंडू, ज्येला समदी मिळून लाथा घालत्यात?"

"तोच."

"मंग घोंगडं त्येला घाला की. तुमाला कशाला पायजे?"

पण दिली त्याने घोंगडी. मी ती पौडच्या शिंप्याकडे नेली. बाबूला पोशाख अंगाबरोबर बसणारा, तरतरीत दिसणारा हवा होता. म्हणून मी शिंप्याला बजावलं, ढगळ ठेवू नको. कोऱ्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते, लोकर भिजली की आटते, हे त्या शिंप्याला माहीत नव्हतं, मला नव्हतं, आणि म्हातारा देवाच्या काळजीत होता.

इंग्लंडशी सामना होता त्या दिवशी सकाळी पुण्याहून मालाची लॉरी आली. रॉकेलच्या डब्यांच्या मधून, डोक्यावर ताडपत्रीचा तुकडा धरून, अण्णा उतरले. उपरणं, काठी, धोतराला चिखल. मी स्टोअरच्या दारात उभा होतो. ते माझ्याकडे न पाहता ड्रायव्हरला म्हणाले, "त्याला म्हणावं, मी खेळ पाहायला आलो आहे."

ड्रायव्हर घोटाळला. "कुणाला म्हणू?"

"असेल तो इथंच कुठंतरी."

सामन्याचा दिवस कुठून काढला कोण जाणे, पण एवढ्या पावसात, त्या रस्त्याने, रॉकेलच्या वासात बसून हा माणूस मला खेळताना पाहायला आला होता. आणि मी खेळत नव्हतो. त्या क्षणी मला एकच गोष्ट कळत होती: आज अण्णांना मी मैदानावर दिसलो, तर ते माझ्याशी बोलतील. नाही दिसलो, तर यापुढचं आयुष्य घंगाळाबरोबर काढायचं.

मी बाबूला गाठलं. पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. बाबू म्हणाला, "तुम खेलेगा तो हम हारेगा."

"आपण तसेही हरणारच आहोत, बाबू."

त्याने यावर विचार केला. "देखेगा," म्हणाला.

आमचं मैदान म्हणजे बांध फोडून सपाट केलेली भाताची खाचरं. ती ज्याची होती तो शेतकरी दर सामन्याला यायचा आणि जिथे त्याचा बांध होता नेमका तिथेच, डोक्यावर इरलं घेऊन, उभा राहायचा. त्याला कुणी हटकत नसे. मी अण्णांना एका खोक्यावर बसवलं ते त्याच्याच शेजारी, आणि कपडे वाटायला पळालो.

पहिली दहा मिनिटं हिंदुस्थान काय दिसत होता. काळाभोर, तरतरीत. मग पाऊस लागला. खळ सुटली. बंड्या बुळबुळीत झाल्या, मग चिकट झाल्या. गोवेकराने चेंडू छातीवर घेतला, तो खाली पडेना. रेफ्री साहेबाने हँडबॉल दिला. बाबू चिडून म्हणाला, हात कुठे लागला? साहेब म्हणाला, मग चेंडू खाली का येत नाही? याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण मला कुणी विचारलं नाही. त्यात बंड्या आटू लागल्या. एकेकाची पोटं उघडी पडली. मद्रासी टायपिस्टने थ्रो करायला हात वर केले ते वरच राहिले. त्याला तसाच, शरण आलेल्या माणसासारखा, बाहेर आणला आणि मी स्टोअरच्या कात्रीने सोडवला.

बाबूने माझ्याकडे पाहिलं. मान हलवून मैदान दाखवलं. मी पठाणाची म्हणून जादा शिवलेली भली मोठी बंडी अंगात चढवली आणि मैदानात गेलो.

काय खेळलो ते सांगतो. चेंडू माझ्याकडे दोनदा आला. एकदा मी त्याला चुकवलं, एकदा त्याने माझं नाक चुकवलं नाही. तीन वेळा पडलो. पण प्रत्येक वेळी उठलो ते अण्णांच्या बाजूला तोंड करून. ते खोक्यावरून उठून उभे राहिलेले दिसत होते, काठीवर दोन्ही हात ठेवून, मान पुढे काढून. शेतकऱ्याला काहीतरी विचारत होते. इंग्लंडचे गोल एकामागून एक होत होते आणि मी इतका आनंदात होतो की बाबूने मला आईवरून शिवी दिली.

सामना संपला. मी तसाच, नाकातून रक्त, अंगाला खळ आणि चिखल, अण्णांपुढे जाऊन उभा राहिलो. धापेवरून त्यांनी ओळखलं असावं. त्यांनी हात पुढे केला, तो माझ्या खांद्यावर टेकला, आणि माझ्याकडे तोंड करून, मधे कुणालाही न घालता ते म्हणाले, "छान खेळलास रे. मला वाटलं नव्हतं."

दोन वर्षांनी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

"पांढरा सदरा शोभत होता तुला. शेवटचा गोल तूच मारलास ना?"

शेतकरी इरल्याखालून आमच्याकडे बघत होता. मी म्हणालो, "अण्णा, पांढरे साहेब लोक होते. आम्ही काळे."

"काळे?" अण्णा म्हणाले. "काळे कुठं होते? मैदानावर काळं कुणी नव्हतंच."

मी शेतकऱ्याकडे पाहिलं. अण्णाही त्याच्या दिशेला वळले. "तुम्हाला विचारलं ना मी, ते पांढरे आमचेच ना?"

"व्हय की," शेतकरी म्हणाला. "इचारलंत, मी व्हय म्हनलं. पांढरे काय आन काळे काय, माज्या खाचरात नाचनारे समदे तुमचेच की हो, मास्तर." आणि तो आपल्या बांधावरून निघून गेला. बांध नव्हता, पण तो बांधावरून चालल्यासारखाच गेला.

पौडजवळ नदीला पाणी आलं, लॉरी अडकली, आणि अण्णा माझ्या पत्र्याच्या खोलीत राहिले. तिथे मला दिसलं ते मला घरी कधी दिसलं नव्हतं. पेल्यात पाणी ओतताना ते एक बोट आत धरायचे, पाणी बोटाला लागलं की थांबायचे. खुंटी भिंतीवर हाताने शोधायचे. जोडे नेहमी उंबऱ्याच्या डाव्या कोपऱ्यालाच काढायचे, मी सरकवले तर अनवाणी उभे राहायचे, पण विचारायचे नाहीत. मला एक शंका आली. मी न राहवून विचारलं, "घंगाळाशी बोलत होतात ते मी दिसत नव्हतो म्हणून का?"

"छे," अण्णा म्हणाले. "तेव्हा दिसत होतास चांगला. राग होता."

नदी उतरल्यावर मी त्यांना पुण्यात डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू असता तर काढला असता, डॉक्टर म्हणाले, हा काचबिंदू आहे. जे गेलं ते गेलं, उरलंय ते हळूहळू जाईल. अण्णांनी डॉक्टरांना विचारलं, हळूहळू म्हणजे कोणत्या गतीने. डॉक्टरांना ते सांगता आलं नाही. अण्णांना अशी मोघम उत्तरं आवडत नसत.

मी घराला कुलूप लावलं आणि अण्णांना मुळशीला घेऊन आलो. राहायचं तर तुझ्या खोलीत राहीन, असं तेच म्हणाले. एकटे राहायला जमत नाही असं काही म्हणाले नाहीत. आम्ही बोलायला लागलो होतो खरे, पण दोन वर्षं न बोललेल्या माणसांना बोलायला विषय लागतो. विषय मिळाला तो पोशाखाचा. पुढच्या पावसाळ्यासाठी हिंदुस्थानला कोणता रंग द्यायचा? मी स्टोअरमधल्या तुकड्यांवर रंग चढवून आणायचो, खोलीच्या दारातून समोरच्या दगडी ढिगाऱ्यापर्यंत चालत जायचो आणि तुकडा धरून उभा राहायचो.

"हा?"

"काय आहे तो?"

"निळा."

"नाही."

"हा हिरवा."

"डोंगरात गेला तो."

येणारेजाणारे थांबून बघायचे. पठाण एकदा मला म्हणाला, भाईसाब, रेलगाडी येणार आहे काय इकडून? बरेच दिवस असे गेले. मग मी हळदीत रंगवलेला तुकडा धरला आणि अण्णा दारातून म्हणाले, "हां. आहेस तू तिथं. जरा डावीकडे हो बघू. हां. दिसतोयस."

तेव्हा पिवळा ठरला. बाबू वैतागला, हळद लागलेले अकरा नवरदेव घेऊन मी इंग्लंडसमोर जाऊ का, म्हणाला. पण कारण सांगितल्यावर कबूल झाला. या वेळी कापड आधी धुऊन घेतलं, ढगळ बेतलं, सगळं नीट केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी केलेलं काम न चुकता झालं.

आणि सामना झालाच नाही. भिंत पुरी होत आली, पाणी अडवलं, आणि खाचरांत पाणी चढलं. गोलाचे खांब काढायला कुणी गेलं नाही. पावसाळ्यात काही दिवस त्यांची टोकं वर दिसत होती. साहेबांची कामं संपली. पेला कोण घेऊन गेलं ते कळलं नाही. हिंदुस्थानही पांगला. गोवेकर गोव्याला, टायपिस्ट मद्रासला, पठाण कुठल्याशा दुसऱ्या धरणावर. बाबू सगळ्यांत शेवटी गेला. जाताना एक पिवळी जर्सी घडी करून ट्रंकेत ठेवली त्याने. बाकीच्यांना देईन म्हणेपर्यंत ते गेले होते. कंपनीने मला पाण्याच्या नोंदी ठेवायला तिथेच ठेवलं, आणि मला दुसरीकडे जायचंही नव्हतं.

कॅम्पात मग आम्ही दोघेच असल्यासारखे. रिकाम्या खोल्यांचे पत्रे वाऱ्याने वाजायचे. मी जर्सी वापरायला काढल्या. खोलीत, अंगणात, पाण्यावर जाताना, रोज पिवळी जर्सी. कोटाखाली सुद्धा. वरून एखादा साहेब तपासणीला आला तर तो माझ्याकडे बघत राहायचा. मी सांगायचो, हिंदुस्थानच्या संघात होतो. अण्णांना मात्र मी कुठे आहे ते कळायचं. "चुलीपाशी काय करतोस?" "पाण्याच्या इतक्या कडेला नको जाऊस." दिवसभर त्यांचं बोलणं चालू असे, आणि सगळं माझ्याशी. एक जर्सी विटली की मी दुसरी घालायचो.

एका दुपारी मी त्यांच्या समोर, दाराच्या उजेडात बसून तांदूळ निवडत होतो. अंगात नवी, कोरी जर्सी होती, मुद्दाम काढलेली. अण्णा दाराकडे तोंड करून बसले होते. मग जरा मोठ्याने, लांबच्या माणसाला हाक मारावी तसं म्हणाले, "अरे, किती उशीर? येतोयस ना?"

मी सूप खाली ठेवलं. आवाज न करता उठलो, बाहेर जाऊन चपला घातल्या, त्या वाजवत परत आत आलो आणि म्हणालो, "आलो, अण्णा."